सिंहगडाचा चढ, शंभर बैठका आणि ज्यूलचा हिशेब

व्यायाम आणि ऊर्जा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. जागेअभावी मजकूर थोडा कमी केला आहे. आकडे मात्र पत्रलेखकांनी कळवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : माझे वय ५८ असून मी दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. माझे वजन ६८ किलो आणि पाठीवरच्या पिशवीचे ४ किलो. मोबाइलवरील उंचीमापकाप्रमाणे चढ ५६० मीटर भरतो आणि तो पार करायला मला १ तास १० मिनिटे लागतात. शाळेत शिकलेले सूत्र वापरून मी कार्य काढले, तर उत्तर जेमतेम ९४ किलोकॅलरी येते. मनगटावरचे घड्याळ मात्र ४५०च्या आसपास आकडा दाखवते. दोहोंपैकी चूक कोणाची? शिवाय उतरताना कार्य ऋण असते, तर चढताना खर्चलेली ऊर्जा परत मिळते असे म्हणावे काय? (पुणे)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. तुमचे सूत्र आणि तुमचे घड्याळ दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत, एवढेच.

आधी तुमचे गणित पुन्हा मांडू. वस्तुमान ७२ किलो, गुरुत्व त्वरण ९.८ आणि उंची ५६० मीटर यांचा गुणाकार ३,९५,१३६ ज्यूल होतो. एका किलोकॅलरीत ४,१८४ ज्यूल असतात, म्हणून हे कार्य साधारण ९४ किलोकॅलरी भरते. तुमचे उत्तर अचूक आहे. ७० मिनिटे म्हणजे ४,२०० सेकंद. त्याने भागले की शक्ती ९४ वॅट येते. तुमचा देह आणि पिशवी पायथ्यापासून माथ्यापर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांच्या स्थितिज ऊर्जेत नेमकी एवढी भर पडली. ती पायी चढून पडली की दोराने ओढून, याच्याशी त्या सूत्राला काही कर्तव्य नाही.

हे काम करण्यासाठी स्नायूंनी किती इंधन जाळले, हा निराळा प्रश्न आहे. अन्नातून मिळालेल्या रासायनिक ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा स्नायू यांत्रिक कार्यात उतरवतात आणि उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन बाहेर पडतात. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया यांनी १९३०च्या दशकात चढउतारावर चालणाऱ्या माणसांचा प्राणवायू मोजला, तेव्हा तीव्र चढावर ही कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते असे त्यांना दिसले. सिंहगडाची वाट तीव्र चढातच मोडते. तेव्हा ९४ला चारने गुणले की ३७६ येतात. शिवाय तुम्ही नुसते कट्ट्यावर बसून राहिला असता, तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचा खर्च चालूच राहिला असता. तो दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी असतो, म्हणजे तुमच्या ७० मिनिटांत ८०च्या आत-बाहेर. दोन्ही मिळून ४५५ झाले. तुमच्या घड्याळाने या खेपेस बरी कामगिरी केली म्हणायची. नाडीच्या ठोक्यांवरून अंदाज बांधणारी ही उपकरणे पुष्कळदा याहून जास्त चुकतात.

राहिलेल्या २८० किलोकॅलरी उष्णतेचे काय झाले, हे तुमच्या सदऱ्याला विचारावे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने तुमचा सुमारे अर्धा लिटर घाम निव्वळ थंडावा राखण्यात गेला, आणि जो वाळण्याआधीच टपकला तो वेगळा. घरी येऊन वजनकाट्यावर उभे राहिल्यावर अर्धा-पाऊण किलो कमी दिसते, ते हेच पाणी होय. ३७६ किलोकॅलरी निव्वळ चरबीतून आल्या असे मानले, तरी चरबी ४२ ग्रॅमच जळते. गडावरच्या पिठले-भाकरीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो की ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत साधारण २०० किलोकॅलरी असतात. कांदाभजीच्या तेलाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

डोंगर चढणे म्हणजे वजन उचलणे, असे समजून गणित मांडण्याची आपली कल्पना भाबडी वाटण्याचे काही कारण नाही. शरीरक्रियाशास्त्रातील एक मोठा वाद याच गुणाकाराने मिटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांच्या मताचा दबदबा होता, आणि ते मत असे होते की स्नायू काम करतात ते स्वतःतील प्रथिने जाळून. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस या दोघांनी ऑगस्ट १८६५मध्ये स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न हा डोंगर चढून ते तपासले. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. पिष्टाच्या तळलेल्या वड्या आणि गोड चहा यांवर निभावले. वाटेत आणि नंतर त्यांनी लघवी बाटल्यांत साठवली, कारण तिच्यातील नायट्रोजनवरून किती प्रथिन जळाले ते कळते. फिक ६६ किलोचे, विस्लिसेनुस ७६ किलोचे आणि धरलेली उंची १,९५६ मीटर. गुणाकार आपल्याच सूत्राचा : फिक यांचे कार्य १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर (एक किलो वजन एक मीटर उचलणे म्हणजे एक किलोग्रॅम-मीटर), विस्लिसेनुस यांचे १,४८,६५६. आजच्या भाषेत फिक यांचे कार्य ३०२ किलोकॅलरी झाले. लघवीने दाखवलेले प्रथिन मात्र दोघांचेही ३७ ग्रॅमच्या जवळपास होते, आणि त्यातून फार तर दीडशे-एकशे साठ किलोकॅलरी निघतात. त्यातील कण अन् कण कार्यात उतरला असे मानले, तरी डोंगर निम्माच चढून होतो. उरलेला चढ पिष्ट आणि चरबी यांच्या बळावर झाला असणार, हे उघड झाले. प्रथिनाच्या डब्याशिवाय व्यायामाला ताकद मिळत नाही असे आजही ऐकू येते, तेव्हा या दोन गृहस्थांच्या बाटल्या आठवतात.

आता उतरण्याविषयी. कार्य ऋण असते हे खरे, पण ती ऊर्जा शरीराला इंधन म्हणून परत मिळत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचनाचा जोर लावतात, म्हणजे ब्रेकचे काम करतात, आणि गडावर साठलेले ३९५ किलोज्यूल स्नायूंमध्येच उष्णता होऊन संपतात. एवढे मात्र खरे की ब्रेक लावणे स्वस्त पडते. १९५२मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पायडलला नुसता विरोध करायचा. दोघांचा जोर सारखा, वेग सारखा, तरी विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी भरला. तीव्र उतारावर हा खर्च चढण्याच्या साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ७५ ते ८० किलोकॅलरी. तो खिशाला स्वस्त असला, तरी स्नायूंना महाग आहे. ताणले जात असताना जोर लावल्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात त्याचा दोष चढणीपेक्षा उतरणीकडे जातो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ शिकताना तिला सांगण्यात आले की, डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध काहीच कार्य करत नाही. ती म्हणाली, “मग त्याला पैसे कशाचे देतात?” मला उत्तर देता आले नाही. मी स्वतः योगवर्गात फलकासन (प्लँक) करते. त्यातही विस्थापन शून्यच. मग धाप का लागते? (नाशिक)

उत्तर : मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. तिला सांगावे की पैसे ओझे जागेवर पोहोचवण्याचे असतात, ज्यूलचे नसतात. ज्यूलप्रमाणे मजुरी द्यायची ठरली, तर रेल्वे स्थानकात जिन्यावरून ओझे उतरवणाऱ्या हमालानेच आपल्याला पैसे द्यावे लागतील.

आता गंभीरपणे. सूत्रात जे बल आणि जे विस्थापन येते ते ओझ्याचे आहे. ओझे वर-खाली झाले नाही, म्हणून ओझ्यावर गुरुत्वाविरुद्ध कार्य शून्य. हे विधान बरोबर आहे. हमालाच्या शरीराच्या आत काही घडत नाही, असे मात्र ते म्हणत नाही. पिशवी खुंटीला टांगली तर खुंटी वर्षभर थकत नाही, कारण तिचे रेणू एका जागी घट्ट बसलेले असतात. हातात धरली की तसे होत नाही. स्नायूमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि मायोसिनची असंख्य सूक्ष्म डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्ची पडतो. बाहेरून हात निश्चल दिसतो, पण आत रस्सीखेच अखंड चालू असते. दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर हलत नाही, म्हणून खेळाडूंना घाम येत नाही असे थोडेच आहे? फलकासनात पोटाचे, खांद्यांचे आणि मांड्यांचे स्नायू हीच रस्सीखेच करत असतात, आणि तिथली सगळी ऊर्जा उष्णतेतच जाते. अशा व्यायामाची यांत्रिक कार्यक्षमता शून्य टक्के असते, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. त्याला मोजायला सेकंद हे माप वापरावे, ज्यूल नको.

चालणाऱ्या हमालाचे आणखी एक आहे. चालताना देह प्रत्येक पावलाला काही सेंटीमीटर वर जातो आणि खाली येतो, वेगही किंचित वाढतो-घटतो, आणि या हेलकाव्यांची किंमत स्नायूंना मोजावी लागते. ती कमी करता येते. केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे जवळजवळ कोणताही जादा प्राणवायू न वापरता वाहून नेतात, असे १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन न डुचमळता चालणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

प्रश्न : मी तालमीत जातो. वजन ७५ किलो. रोज १०० बैठका ४ मिनिटांत आणि ५० जोर काढतो. यांचे कार्य कसे मोजावे? वस्ताद म्हणतात, शंभर बैठकांत एक वेळचे जेवण जिरते. (कोल्हापूर)

उत्तर : बैठकीत पोटऱ्या आणि पावले फारशी वर-खाली होत नाहीत, मांड्यांचे वजन अर्ध्या अंतराने उचलले जाते आणि धड पूर्ण अंतराने. या सगळ्याची सरासरी म्हणजे देहाच्या गुरुत्वमध्याचे विस्थापन. मध्यम उंचीच्या माणसाचे ते ४० सेंटीमीटर धरू. ७५ × ९.८ × ०.४ म्हणजे एका बैठकीचे कार्य २९४ ज्यूल. शंभरांचे २९,४०० ज्यूल, म्हणजे अवघ्या ७ किलोकॅलरी. २४० सेकंदांत ते केले, म्हणून सरासरी शक्ती सुमारे १२२ वॅट; प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणी ती दुपटीहून अधिक असते, कारण निम्मा वेळ तुम्ही खाली जात असता. चौथ्या-पाचव्या हिश्शाची कार्यक्षमता आणि खाली बसतानाचा ब्रेक धरला, तर शरीराचा एकूण खर्च ३५ ते ४० किलोकॅलरी होईल. एवढी ऊर्जा दोन चमचे साखरेत मिळते. वस्तादांना हे सांगायला जाऊ नये. आणि खरे तर सांगण्याची गरजही नाही, कारण बैठका जेवण जिरवण्यासाठी काढायच्या नसतात. मांडीत बळ येते, दम वाढतो, आणि या दोहोंचे माप किलोकॅलरीत होत नाही.

जोराचे मोजमाप अधिक मजेशीर आहे. साधा, अंग सरळ ठेवून काढलेला जोर घ्या. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर दोन्ही तळहात टेकवा आणि काट्याच्या जाडीएवढे पुस्तक पायांखाली घ्या, म्हणजे अंग समपातळीत राहील. काटा पूर्ण ७५ दाखवणार नाही. ५० किलोच्या आसपास दाखवील, कारण उरलेला भार पायांच्या बोटांवर असतो. आता कोणाला तरी पट्टी धरायला सांगून खांदा किती वर-खाली होतो ते मोजा. ते ३५ सेंटीमीटर भरले, तर ५० × ९.८ × ०.३५ म्हणजे १७१ ज्यूल हे एका जोराचे कार्य. देह बोटांभोवती तरफेसारखा फिरतो, त्यामुळे काट्यावरचा भार आणि खांद्याचे विस्थापन यांचा गुणाकार हा पूर्ण वजन आणि गुरुत्वमध्याचे विस्थापन यांच्या गुणाकाराएवढाच येतो. गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते शोधण्याची कटकट वाचते. तालमीत अंग पुढे घुसवून, कमान करून जो जोर मारतात त्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे कंबरही वर-खाली होते आणि देह सरळ तरफ राहत नाही.

प्रश्न : माझी अश्वशक्ती किती, हे घरी मोजता येईल का? वजन ६२ किलो, वय २४. (ठाणे)

उत्तर : जिन्याइतके चांगले उपकरण दुसरे नाही. एक पायरी पट्टीने मोजा, पायऱ्या मोजा आणि घड्याळ लावून चढा. सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत असे गृहीत धरू नका. आमच्या इमारतीत ७२ पायऱ्यांपैकी ७१ पायऱ्या साडेसोळा सेंटीमीटरच्या आहेत आणि तळमजल्यावर नंतर फरशी चढवल्यामुळे पहिली केवळ १२ सेंटीमीटरची उरली आहे. तिच्यावर दर आठवड्याला कोणीतरी अडखळते. एकूण उंची ११.८ मीटर. तुम्ही ती २० सेकंदांत चढलात, तर ६२ × ९.८ × ११.८ म्हणजे ७,१७० ज्यूल भागिले २०, अर्थात ३५८ वॅट. जेम्स वॉट यांनी आपली वाफेची इंजिने खपवताना घोड्याची शक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड अशी ठरवली; ती ७४६ वॅट होते, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन दर सेकंदाला १ मीटर उचलणे. तुम्ही अर्ध्या घोड्याला थोडे कमी पडाल. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. तासभर टिकवायची झाली, तर सर्वसाधारण निरोगी माणसाची शक्ती १०० ते १५० वॅटवर येते. सिंहगडवाल्या आपल्या ५८ वर्षांच्या पत्रलेखकांनी तासाहून अधिक वेळ ९४ वॅट टिकवले, हे या उजेडात पाहावे. हा जिन्याचा प्रयोग धावत करायचा असल्याने हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तो करू नये.

प्रश्न : व्यायामशाळेतील सायकलवर मी अर्धा तास १०० वॅट राखते. पडद्यावर १८० किलोज्यूल आणि त्याखाली १८० कॅलरी असे दोन आकडे येतात. एकके वेगळी आणि आकडा एकच, हे यंत्र बिघडले आहे का? आणि एवढ्या मेहनतीतून वीज तयार केली तर घरचा पंखा चालेल का? (नागपूर)

उत्तर : यंत्र ठीक आहे. १०० वॅट आणि १,८०० सेकंद यांचा गुणाकार १,८०,००० ज्यूल, म्हणजे १८० किलोज्यूल. हे पायडलवर झालेले, यंत्राने खरोखर मोजलेले कार्य. पडद्यावरची ‘कॅलरी’ म्हणजे किलोकॅलरीच. त्याचे किलोकॅलरीत रूपांतर करायला ४.१८ने भागले पाहिजे, आणि शरीराचा खर्च काढायला सुमारे चारने गुणले पाहिजे. हा भागाकार आणि हा गुणाकार एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, म्हणून पायडलवरचे किलोज्यूल आणि शरीराने खर्चलेल्या किलोकॅलरी यांचा आकडा एकच येतो. सायकलपटू हा योगायोग रोज वापरतात. पहिला आकडा मोजलेला आहे आणि दुसरा अंदाजाचा, एवढे ध्यानात असू द्यावे. तुमची कार्यक्षमता २० टक्के असेल, तर खर्च १८० नसून २१५ असेल. पळण्याच्या पट्ट्यावर तर यंत्राला हेही मोजता येत नाही. तिथे वेग, चढाचा कोन आणि तुम्ही भरलेले वजन यांवरून आकडा बांधला जातो, आणि जो माणूस पुढची दांडी घट्ट धरून चालतो त्याचा काही भार दांडी उचलत असते, हे यंत्राच्या गावीही नसते.

विजेचे म्हणाल, तर तुमच्या अर्ध्या तासाचे ५० वॅट-तास होतात, म्हणजे युनिटचा विसावा हिस्सा. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा छताचा पंखा त्यावर ४० मिनिटे फिरेल, आणि कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॅटचा असेल तर तासाहून अधिक. जनित्र आणि बॅटरी यांतील गळती यात धरलेली नाही. मोबाइलची ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते, तेव्हा गळती धरूनही दोन मोबाइल भरून निघतील. पूर्ण एक युनिट हवे असेल, तर याच गतीने सलग १० तास पायडल मारावे लागेल, आणि त्यासाठी जे ३,६०० किलोकॅलरी इंधन जास्तीचे लागेल ते साध्या ज्वारीच्या भाकरीतूनच घ्यायचे म्हटले, तरी १८ भाकरी होतात.